‘एटी-जी आहे हो आमच्याकडं’

अण्णांचं वर्षश्राद्ध फाल्गुनात येत होतं. आईनं जानेवारीतच, म्हणजे २०२५च्या जानेवारीत, सांगून टाकलं होतं की घरचे आणि सख्खे तेवढे जेवतील, हॉल वगैरे काही घ्यायचा नाही. हॉलला आणि आचाऱ्याला जे गेले असते ते पैसे पोरींच्या वसतिगृहाला द्या.

वसतिगृह म्हणजे पेठ तालुक्यातलं. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाल्यावर दरवर्षी जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे घेऊन तिकडे जायचे. आधी एसटीनं, नंतर गुडघे बोलायला लागल्यावर माझ्या गाडीनं. आदिवासी मुलींचं वसतिगृह, एक छोटा ट्रस्ट चालवतो, एक रिटायर्ड शिक्षक त्याचे सचिव आहेत. त्यांना सगळे सरच म्हणतात.

ताई पुण्यात. तिनं तीस हजार द्यायचे ठरवले, मी एकवीस. एक्कावन्न झाले, आकडाही आईच्या मनासारखा आला. ताईचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. म्हणाली, “अरे, त्यांच्याकडे ८०जी आहे का ते बघ.” ८०जी म्हणजे तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम, त्याखाली मान्यता असलेल्या संस्थेला देणगी दिली की देणाऱ्याला करात वजावट मिळते.

मी म्हटलं, “असणारच गं, अण्णांच्या पावत्यांवर छापलेलं असायचं.”

“छापलेलं मला सांगू नकोस. आणि विचारूही नकोस. बघ.”

तिच्या ‘बघ’मागं इतिहास होता. दोनेक वर्षांपूर्वी तिनं एका संस्थेला दहा हजार दिले होते. पावतीवर ठळक अक्षरांत ८०जी. रिटर्न भरायला बसली तर फॉर्ममध्ये देणगीचा एक क्रमांक विचारला. संस्थेला फोन केला, तर ते म्हणाले की असं काही आम्ही देत नाही, पावती दिली ना तुम्हाला? तिनं ती वजावट सोडून दिली. पैसे गेल्याचं तिला वाईट वाटलं नाही, पावतीवर विश्वास ठेवल्याचं वाटलं.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. माझं पोट कागद तपासण्यावर चालतं. स्टीलचा बार गेटवर आला की त्याच्याबरोबर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट येतं, त्यावरचा हीट नंबर आणि बारवर ठोकलेला हीट नंबर जुळला नाही तर माल आत येत नाही, मग पर्चेसवाले कितीही ओरडोत. प्रत्येक व्हर्नियरला कॅलिब्रेशनची चिठ्ठी असते आणि तिच्यावर पुढची तारीख असते. तारीख उलटली की तो व्हर्नियर बरोबर मोजत असला तरी वापरायचा नाही. हे मी वीस वर्षं करतोय. तरी देणगीच्या पावतीवर ‘८०जी’ दिसलं की माझा हात नमस्काराला जोडला जायचा, आणि तारीख बघायचं डोक्यातही यायचं नाही.

घरी आल्यावर अण्णांची पत्र्याची पेटी काढली. अण्णा प्रेसमधले, कागद टाकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. वसतिगृहाच्या सात-आठ पावत्या एका टाचणीला होत्या. शेवटची २०२३च्या जूनमधली. खाली बारीक अक्षरांत आयकर खात्याच्या आदेशाचा लांबलचक क्रमांक, त्यात २००९-१० असं साल, आणि पुढं ‘कलम ८०जी व ३५एसी अन्वये करसवलतीस पात्र’.

या एका ओळीत दोन चुका आहेत हे मला पुढच्या शनिवारी कळलं.

आमच्या सीएंचं ऑफिस कॅनडा कॉर्नरला. फेब्रुवारी-मार्चमध्ये सीए स्वतः भेटत नाहीत, त्यांच्याकडं आर्टिकलशिप करणारा, म्हणजे सीए व्हायला शिकणारा, एक मुलगा भेटतो. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. त्यानं पावती हातात घेतली आणि एखादं जुनं नाणं बघावं तशी बघितली.

“काका, ३५एसी तर ३१ मार्च २०१७ला संपलं. हे अजून छापतात?”

“पावतीपुस्तकं जुनी असतील,” मी म्हटलं. का कोण जाणे, मी त्या संस्थेची बाजू घ्यायला लागलो होतो.

“आणि हा आदेश पण जुना आहे. पूर्वी एकदा ८०जी मिळालं की कायमचं असायचं. आता तसं नाही.”

मग त्यानं सांगितलं ते असं. २०२०च्या अर्थसंकल्पात नियम बदलला आणि १ एप्रिल २०२१पासून लागू झाला. देशातल्या सगळ्या संस्थांना, त्या कितीही जुन्या आणि नावाजलेल्या असोत, पुन्हा अर्ज करावा लागला. आता मान्यता ५ वर्षांची मिळते. नवीन संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती, मग पक्कीसाठी वेगळा अर्ज. पहिल्या मान्यतेचा आदेश ‘फॉर्म १०एसी’ नावानं, पक्कीसाठीच्या वेगळ्या अर्जाचा ‘१०एडी’ नावानं निघतो आणि त्यावर संस्थेचा एक युनिक रजिस्ट्रेशन नंबर असतो. “तुम्ही पावती नका मागू. १०एसी मागा. तोही ८०जीचा. ते लोक बाराएचा पाठवतील, तो नको.”

तो म्हणाला तसंच झालं. मी सरांना फोन केला. एवढे दिवस हा फोन मी टाळत होतो, हे कबूल करतो. ज्या माणसानं अण्णांच्या दहाव्याला पेठहून दोन एसट्या बदलून यायचं केलं, त्याला ‘तुमचे कागद दाखवा’ म्हणायचं कसं? देणारा आपण, आणि तरी मागायची लाज आपल्यालाच वाटते. आधी मुलींच्या परीक्षा, मग पाणी कुठवर पुरेल, मग सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. सगळं बोलून झाल्यावर मी हळूच विषय काढला.

“एटी-जी आहे हो आमच्याकडं,” सर लगेच म्हणाले. “पहिल्यापासून आहे.”

“हो सर, ते आहेच. फक्त त्याची आताची ऑर्डर… ताईच्या ऑफिसला लागते,” मी थाप मारली. ताईच्या ऑफिसला काही लागत नव्हतं. ८०जीची देणगी ऑफिस सहसा विचारात घेत नाही, ती रिटर्नमध्येच आपली आपण दाखवायची असते.

रात्री व्हॉट्सॲपवर तीन फोटो आले. पहिला धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा दाखला. दुसरा नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक. तिसरा १०एसी, पण १२एचा.

तिन्ही कागद खरे होते, आणि तिन्हींचा मला उपयोग नव्हता. आपल्याकडं हा घोळ फार जण घालतात, देणारेही आणि घेणारेही. महाराष्ट्रात ट्रस्ट असला की तो १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेला असतो. त्यातून एवढंच ठरतं की ट्रस्ट आहे, त्याचे विश्वस्त कोण, मालमत्ता काय. दर्पण क्रमांक म्हणजे सरकारी योजनांसाठी संस्थेनं केलेली नोंद. १२ए मुळं संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरचा कर माफ होतो. देणाऱ्याला वजावट मिळते ती फक्त ८०जीनं, आणि त्यासाठी अर्ज वेगळा, आदेश वेगळा, नंबरही वेगळा. मी सरांना परत मेसेज केला. दोन दिवसांनी चौथा फोटो आला. थोडा तिरका, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग, पण हाच हवा होता.

मग मी माझ्या धंद्याप्रमाणं बसलो. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला वही. ट्रस्टचं नाव: जुळतं. पॅन: चौथं अक्षर टी, म्हणजे ट्रस्टचाच, कोणा माणसाचा नाही, माणसाचा असता तर तिथं पी असता. युनिक नंबरची पहिली दहा अक्षरं म्हणजे पॅनच असतो, तीही जुळली. कुठल्या कलमाखाली: ८०जी. किती वर्षांसाठी: २०२२-२३ ते २०२४-२५. आम्ही होतो फेब्रुवारी २०२५मध्ये, म्हणजे २०२४-२५ चालूच. मार्चअखेर पैसे दिले की झालं. जेमतेम का होईना, मुदतीत बसतोय. मी ताईला अंगठा पाठवला आणि झोपलो.

आयकर खात्याच्या वेबसाइटवर सूट मिळालेल्या संस्थांची यादी आहे, तिथंही दुसऱ्या दिवशी डबा खाताना डोकावलो. नावानं शोधत बसलं तर वेळ जातो, कारण आपली मराठी नावं इंग्रजीत प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं लिहिलेली. ‘मंडळ’चंच चार प्रकारे स्पेलिंग होतं. पॅन टाकला की काम होतं.

शनिवारी केवळ शिस्त म्हणून तो फोटो त्या मुलाला दाखवला. त्यानं पाच सेकंदही घेतले नाहीत.

“काका, हे संपलंय.”

“अरे, २०२४-२५ लिहिलंय. चालू आहे.”

“हे असेसमेंट इयर आहे. निर्धारण वर्ष. आर्थिक वर्षासाठी एक मागं जायचं. निर्धारण वर्ष २०२४-२५ म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४. ते ३१ मार्च २०२४ला संपलं. अकरा महिने झाले.”

इंचातलं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये वाचल्यासारखं झालं. आमच्याकडं ट्रेनीनं असं केलं तर मी त्याला दिवसभर स्क्रॅपच्या पेटीशेजारी उभा करतो.

“आणि हे बघा, प्रोव्हिजनल आहे. संस्था जुनी, पण अर्ज नवीनसारखा केलेला दिसतोय. तात्पुरती, ३ वर्षांची. पक्कीसाठी १०एबी भरायचा असतो, मुदत संपायच्या ६ महिने आधी. खात्यानं ३० जून २०२४पर्यंत वाढवून पण दिली होती. त्यांनी भरला का विचारा.”

तर मग हा दुसरा फोन. पहिल्यापेक्षा अवघड, कारण आता माझ्याकडं प्रश्न नव्हता, उत्तर होतं. मी फोन न करता रविवारी सरळ गाडी काढली. पेठ रोडनं सावळघाट चढून गेलं की नाशिकचा आवाज मागं पडतो. फेब्रुवारीत डोंगर नुसते करपलेले असतात. वसतिगृहाच्या अंगणात मुली नागली पाखडत होत्या.

सरांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते दुखावतील किंवा म्हणतील, तुमच्या वडलांनी कधी असं विचारलं नाही. ते उठून आत गेले आणि एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले. अर्ज भरला होता, जूनमध्ये, मुदतीत. खात्यानं पुढं काही खुलासे मागवले, तीन वर्षांचे हिशेब, कामाचे फोटो, असं. ती नोटीस पोर्टलवर आली आणि ईमेलवर गेली. ईमेल कोणाचा, तर आधीच्या ऑडिटरचा. त्यांनी काम सोडून वर्ष झालं होतं. नोटिशीला उत्तर नाही म्हणून डिसेंबरात अर्ज नामंजूर.

“आम्हाला जानेवारीत कळलं,” सर म्हणाले. “नवीन ऑडिटर केलाय, अर्ज परत टाकलाय. आता पुण्याला आहे.” ट्रस्टांची ही प्रकरणं नाशिकला गडकरी चौकात होत नाहीत, सूट विभागाचे आयुक्त पुण्याला बसतात. सरांचं पुण्याला कोणी नव्हतं.

“मग सर, फोनवर तुम्ही आहे म्हणालात…”

“सवयीनं म्हणालो हो,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. “पंधरा वर्षं तेच सांगतोय ना. नाही म्हणायला तोंड वळत नाही.”

त्यांना लबाडी करायची असती तर फाइल बाहेर आलीच नसती. पण एक गोष्ट मला तिथंच बोलावी लागली: नवीन आदेश येईपर्यंत ती जुनी पावतीपुस्तकं वापरू नका. त्यांनी त्याच वेळी बॉलपेन घेऊन वरच्या पुस्तकातल्या पावत्यांवरची शेवटची ओळ खोडायला सुरुवात केली. एकेक पावती, पट्टी लावून. मी निघेपर्यंत वीसेक झाल्या असतील.

घरी येऊन ताईला सांगितलं. दाजी स्पीकरवर होते, ते म्हणाले, “कशाला या भानगडीत पडता? मुख्यमंत्री सहायता निधीला द्या. शंभर टक्के वजावट, मर्यादा नाही, कागद तपासायची कटकट नाही.” दाजींचं चूक नव्हतं. साध्या धर्मादाय संस्थेला दिलं की निम्म्याच रकमेची वजावट, तीही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री निधीला पूर्ण. आई भाजी निवडत होती, तिनं मान वर न करता विचारलं, “अण्णा वह्या घेऊन मुख्यमंत्र्यांकडं जायचे का?” विषय संपला.

मग ताईसाठी दुसरी संस्था शोधायची ठरलं, जिथं आज, या आर्थिक वर्षात, मान्यता जिवंत आहे. मी दोन बघितल्या. एक लवकरच बाद झाली. फोनवर गोड बोलले, लगेच क्यूआर पाठवला. तो स्कॅन केल्यावर ट्रस्टच्या नावाऐवजी एका माणसाचं नाव आलं. “ते आमच्या खजिनदारांचंच खातं आहे, काही काळजी करू नका,” असं उत्तर मिळालं. मी काळजी केली आणि फोन ठेवला.

दुसरी दृष्टिहीन मुलांसाठी काम करणारी, शहरातलीच. ऑफिसात एक बाई बसल्या होत्या. मी घसा खाकरून, ताईच्या ऑफिसची थाप तोंडात तयार ठेवून म्हटलं, “मॅडम, तुमचं ते ८०जीचं…” त्यांनी न बघता ड्रॉवर उघडला आणि झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून एक प्रत पुढं केली. “मागची बाजू पण बघा. बँकेचे डिटेल्स आहेत. चेक नाहीतर एनईएफटी. कॅश दोन हजाराच्या वर घेत नाही.”

मला उगाच हसू आलं. एवढ्यासाठी मी तीन आठवडे कुढत होतो.

आदेश निर्धारण वर्ष २०२२-२३ ते २०२६-२७ असा होता. मी त्यांच्यासमोर बोटांवर एक मागं मोजलं: ३१ मार्च २०२६. वर्ष शिल्लक. तात्पुरती नाही, पक्की. पॅन आणि युनिक नंबर जुळत होते, बँक खात्याचं नावही ट्रस्टचं होतं, पूर्ण, स्पेलिंगसकट. “मंदिरात काही देता का हो तुम्ही, उत्सव वगैरे?” मी विचारलं. ८०जीच्या संस्थेनं धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नसतो, हे मी तोवर वाचून ठेवलं होतं. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी तो प्रश्न परत घेतला.

आता खरी गंमत. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मी त्या आर्टिकलवाल्या मुलाकडं सगळे कागद घेऊन गेलो. माझ्या एकवीस हजारांचं पण इथंच करून टाकू का, असं विचारायला. त्यानं माझी पगाराची स्लिप बघितली.

“काका, तुम्ही न्यू रिजिममध्ये आहात.”

“मग?”

“न्यू रिजिममध्ये ८०जी नाहीच.”

एप्रिलमध्ये कंपनीनं ईमेल पाठवला होता, काही कळवलं नाहीत तर नवीन करपद्धत धरू. मी काही कळवलं नव्हतं. नवीन पद्धत आता मूळचीच धरतात, जुनी हवी असेल तर सांगावं लागतं. ती रिटर्न भरतानाही निवडता येते, पण तिचा फायदा व्हावा असं माझ्याकडं काही नव्हतं. ताईचं घराचं कर्ज आहे म्हणून ती जुनीत राहिली. म्हणजे महिनाभर पळापळ मी करत होतो, आणि माझ्या एकवीस हजारांवर एक रुपयाही सुटणार नव्हता, संस्था ताजमहालाएवढी पक्की असली तरी. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मुलानंही पहिल्या दिवशी सांगितलं नाही, पण त्याला मी विचारलं होतं संस्थेचं, माझं नाही.

आईला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं तिला त्यातलं काही कळणार नाही. ती म्हणाली, “मग बरंच झालं की. तुला तसंही काही मिळत नाही, तर तुझे पेठला जाऊ देत. तिचे आंधळ्या पोरांना.”

इतकं सोपं होतं. माझ्या पैशाला ८०जीची गरजच नव्हती, आणि सरांकडं तेच नव्हतं. एकवीस हजार वसतिगृहाच्या खात्यात गेले. पावती आली ती खोडलेल्या ओळीची. आईनं स्वतःच्या पेन्शनमधून घोटीहून इंद्रायणी तांदळाची दोन पोती पाठवली. वस्तूरूपानं दिलेल्या देणगीला वजावट नसतेच, पण आईला ते कोणी सांगायला गेलं नाही.

ताईच्या तीस हजारांचं एनईएफटी मार्चमध्ये झालं, तिच्याच खात्यातून. फॉर्म मात्र मी भरला, कारण मी नाशकात होतो. देणगीदाराचं नाव या रकान्यात मी अण्णांचं नाव लिहिलं, आधी ‘कै.’ लावून. ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म परत केला. “ज्यांच्या खात्यातून पैसे आले त्यांचं नाव आणि त्यांचाच पॅन. स्मरणार्थ खाली लिहा.” मी तिथंच उभ्यानं दुसरा फॉर्म भरला. ताईला फोन लावून पॅन विचारला, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिला.

वर्षश्राद्ध झालं. अण्णांच्या फोटोला हार घालताना आईनं दोन्ही पावत्या फोटोखाली ठेवल्या होत्या.

इथं गोष्ट संपली असं मी धरून चाललो होतो, कारण पूर्वी इथंच संपायची. पण ताईला जो क्रमांक दोन वर्षांपूर्वी मिळाला नव्हता, तो पावतीवर नसतोच. संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडं सगळ्या देणगीदारांची यादी भरावी लागते: नाव, पॅन, पत्ता, रक्कम, पैसे कसे दिले. तो फॉर्म १०बीडी. तो भरला की पोर्टलवरून प्रत्येक देणगीदारासाठी एक प्रमाणपत्र निघतं, १०बीई. त्यावर तो क्रमांक असतो. उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये पडतात. २०२१-२२च्या देणग्यांपासून ही पद्धत आली. त्याआधी कुणीही रिटर्नमध्ये काहीही आकडा टाकायचा आणि पावतीपुस्तक छापून घ्यायचं. आमच्या कंपनीत दर मार्चला एक जण फिरायचा, राजकीय पक्षाच्या देणगीची पावती देतो, एवढे टक्के कापून बाकीचे परत रोख. २०२५च्या जुलैमध्ये आयकर खात्यानं अशा खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपास केला. त्यानंतर तो आमच्या गेटवर दिसलेला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताईचा फोन. “सर्टिफिकेट आलंय. रक्कम बरोबर आहे, नाव बरोबर आहे, पॅन माझा नाही.”

“म्हणजे?”

“पाचवं अक्षर. व्ही आहे तिथं यू आलंय.”

मी लगेच ऑफिसला फोन लावला. आवाजात थोडी क्वालिटीवाल्याची धार आली असावी. बाईंनी माझा फॉर्म काढला आणि त्याचा फोटो पाठवला. गुडघ्यावर लिहिलेला. व्हीचा तळ असा गोल झाला होता की मलाही तो यूच वाटला असता. पॅनचं पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं आद्याक्षर असतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्यांचा पॅन मी अक्षर न् अक्षर तपासला होता. स्वतः लिहिलेला तपासला नाही.

“सॉरी मॅडम,” मी म्हटलं.

“दुरुस्ती भरता येते,” बाई म्हणाल्या. “पण सीएंना एकेकट्यासाठी सांगता येत नाही. अजून चार जणांचं असंच आहे. एकदम करू.”

पंधरा दिवसांत दुरुस्त केलेलं प्रमाणपत्र आलं. त्या वर्षी रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली होती, ताईनं ऑगस्टमध्ये भरलं. संस्थेचं नाव, पॅन, पत्ता, रक्कम आणि तो क्रमांक, सगळे रकाने भरले गेले. तीस हजारांचे निम्मे, पंधरा हजारांची वजावट. ती ३० टक्क्यांत येते, म्हणजे साडेचार हजार, वर ४ टक्के सेस धरून चार हजार सहाशे ऐंशी. आई म्हणाली, पेठच्या एका फेरीचं पेट्रोल, कॅनडा कॉर्नरच्या चार फेऱ्या आणि तुझे तीन शनिवार वजा कर. ताई म्हणाली, चार हजार सहाशे ऐंशीत वह्या किती येतात ते बघ, जूनला पेठला जायचंच आहे.

सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी सरांचा व्हॉट्सॲप आला. फोटो, या वेळी सरळ, डाग नसलेला. पुण्याहून आलेला नवा आदेश. खाली त्यांनी मराठीत टाइप केलं होतं: “पक्की मिळाली. एक वर्ष मागं धरून तपासून कळवावे.”

मी चष्मा शोधला, फोटो मोठा केला आणि पॅनपासून सुरुवात केली.